काळ्या मातीतला खांब

धम्मपाल मिस्त्री स्वभावानं लाकडासारखे सरळ, असं कुणी म्हटलं तर त्यांची बायको केसरबाई तोंडाला पदर लावून हसेल. लाकूड निदान ऐकतं तरी, असं तिचं म्हणणं. पारोळ्याच्या बाजारामागं त्यांची कामाची शेड. वडील मोतीलाल यांनी आसपासच्या गावांत धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांना सागाचे खांब बसवले. तो हात मुलाकडे आला खरा, पण तोवर घरं स्लॅबची झाली होती. मग मिस्त्रींनी उभी हयात चौकटी, दिवाण आणि प्लायवूडची कपाटं करण्यात घालवली, तीही नावं ठेवत ठेवत. कुणी खांबांची गोष्ट काढली की मात्र त्यांच्या हातातला चहा निवून जायचा.

म्हणून यंदा उन्हाळ्यात मळ्यातले प्रेमराजभाऊ शेडवर आले, तेव्हा मिस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं. भाऊंनी कुठल्याशा रिसॉर्टवर लाकडी डेक, खांबांवरचा उघडा फळ्यांचा मंच, पाहिला होता. तसाच बंगल्यामागं, मोसंबीच्या बागेकडे तोंड करून, पुरुषभर उंच हवा होता. लेकीचा साखरपुडा त्याच्यावरच करायचा होता. लोखंड नको, सागाचे खांब हवेत, असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले.

मिस्त्रींनी जीव ओतला. प्रत्येक खांबाचा बुंधा खाली आणि शेंडा वर राहावा म्हणून आधीच खडूनं खुणा केल्या. उलटा खांब लावला की घर उलटं चालतं अशी जुन्यांची समजूत. मिस्त्री ती मानत नसत, पण मोडतही नसत. बुंध्यांना डांबर फासलं, खड्ड्याच्या तळाशी चपटा दगड बसवला, ओळंबा लावून खांब उभे केले.

चूक झाली ती खड्ड्यात. बापलेकांनी आजवर खांब रोवले ते गावठाणात, पांढरीत. पांढरी माती जागची हलत नाही. मळ्यातली काळी पाणी लागलं की फुगते, मऊ पडते, तिथं मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. मिस्त्रींना हे माहीत नव्हतं असं नाही. पण मे महिन्यात तीच काळी अशी वाळली होती की पहार टणटण वाजायची. हाताला सवय पांढरीची. हात जिथं थांबला, तिथं मिस्त्रीही थांबले.

साखरपुड्याला त्यांना आग्रहाचं बोलावणं होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून गेले, आणि लोक वर बघत होते तेव्हा हे आपले खालून खांब बघत फिरले. धूळ बसावी म्हणून सकाळी कुणीतरी पाइप सोडून ठेवला होता, आणि पाणी बागेकडच्या कोपऱ्यात मुरलं होतं. तिथं येऊन मिस्त्री थबकले. खांबाचं डोकं आणि तुळई यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली होती. खांब खाली गेला होता. तुळई नुसती शेजारच्या तुळयांना जोडणाऱ्या बोल्टांवर लटकत होती.

त्यांनी वर पाहिलं. फळ्यांच्या फटीतून खुर्चीचे पाय दिसत होते. त्या खुर्चीत प्रेमराजची आई, भिकुबाई, बसली होती. तेवढ्यात फोटोवाल्यानं सगळ्यांना त्याच कोपऱ्यात गोळा व्हायला सांगितलं. मोसंबीची बाग मागं छान येते म्हणे. पावलं वाजायला लागली, बोल्ट करकरले.

ते धावत वर गेले आणि प्रेमराजच्या कानाशी लागले.

"मिस्तरी, आते नही," प्रेमराज हसतमुख चेहऱ्यानं पुटपुटले, नजर व्याह्यांवर. "फोटो व्हई जाऊ द्या."

एवढ्या लोकांत स्वतःचं नाव बुडवायचं, की गप्प राहून कोपऱ्याकडे बघत बसायचं? मिस्त्रींना रडू येईलसं वाटलं. आयुष्यात एकदा मनासारखं काम मिळालं होतं. मग ते ओरडले, "मनं काम चुकनं! खांब खचना शे! बठ्ठा खाले उतरा!"

एकच गलका झाला. भिकुबाईला दोघांनी खुर्चीसकट उचलून उतरवलं. नवरदेवाचे काका गिरधर आबा शुभकार्यात हे काय म्हणून तणतणत उतरले. सगळे अंगणात उभे राहून डेककडे बघत राहिले.

डेक पडला नाही.

मिस्त्रींनी ट्रॅक्टरचा जॅक तुळईखाली लावला, तरी लोक बघतच होते. साखरपुडा अंगणात, सतरंजीवर उरकला. पंगतीत हसणं सुरू झालं. "कोठे पडना? उभा शे ना!" प्रेमराज सगळ्यांदेखत म्हणाले, आणि मिस्त्रींकडे पाठ केली. डेक कोसळला असता तर मिस्त्रींनी माणसं वाचवली, असं झालं असतं. तो उभा राहिला म्हणून त्यांनी साखरपुडा नासवला. मिस्त्री न जेवता घरी आले. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं दिवाणाचं काम काढून घेतलं. केसरबाई त्या दिवशी हसली नाही.

तरीही ते पहार घेऊन मळ्यात गेले. चूक आपली, ती आपणच खणून काढायची. प्रेमराज मोबाइलवर बोलत मागच्या दारात उभे होते, आत बोलावलं नाही.

मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या खांबाला हात घातला. खणायची वेळच आली नाही. खांब हलला, आणि हिसडा देताच चिखलातून सुटून तिरका बाहेर आला. तळाचा दगड एका कुशीवर कलंडला होता. भोकात पाणी बुडबुडलं.

प्रेमराजचं बोलणं थांबलं. ते जवळ आले. भोकात पाहिलं, मग वर फळ्यांकडे पाहिलं.

"आई आठेच बठेल व्हती ना?"

मिस्त्रींनी मान हलवली.

प्रेमराजनी मोबाइल खिशात टाकला. मग त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते चिखलात उतरले.

"पहार माले द्या," ते म्हणाले. "मुरूम लागस तठलग खणूत."