बाल्कनी हलली तेव्हा

शिवऱ्याला हायवेकडच्या हॉटेलात बायको आणि मी चहाला बसलो. खुर्च्या जुन्या सागवानाच्या. बिडी, तेल आणि ढेकणांचा ओळखीचा वास आला अन् मी विचारलं, खुर्च्या कुठल्या. मालक म्हणाला, "पुण्यातलं इंग्रजांच्या काळातलं थेटर पाडलं न्हाई का, तिथल्या हायेत."

त्याच थेटरात लग्नानंतर मी हिला मॅटिनीला नेलं होतं. ही वेल्ह्याकडच्या पासलीच्या डोंगरात शेरडं राखणारी. तोवर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. वर लाकडी बाल्कनीत बसलो. पडद्यावर हत्तीएवढा वाघ आला. ही ताडकन उठली, "वाघ आला रं!" म्हणून ओरडली आणि पाय आपटू लागली. आमच्याकडं वाघ असाच गलका करून पळवतात. बाल्कनीत पुण्याला कामाला आलेलं निम्मं वेल्हं बसलेलं; सगळ्यांनीच उठून पाय आपटले.

आणि बाल्कनी हलली. खांब कण्हले, छताची माती डोक्यावर पडली, खालची माणसं दाराकडं पळाली. अख्खा तोरणा त्या फळ्यांवर उभा आहे असं वाटलं. मी हिचं मनगट धरलं. आणि हिच्याच मागं दडलो.

पडद्यावरचा वाघ झाडीत शिरला. "पळाला!" म्हणत मंडळी समाधानानं खाली बसली.

हिला धीर द्यायला मनगट धरलं, असं मी गावभर सांगत आलोय.

एवढ्यात बाहेरून ट्रक धडधडत गेला, खुर्ची करकरली.

बायको हळूच म्हणाली, "थेटर गेलं, वाघबी गेला. आता तरी मनगट सोडा, च्या निवला."