फुकटावरचा कर

आमच्या तलावाचा नियम सरळ आहे. जो जाळं घेऊन पाण्यात उतरेल, त्याला वाटा. बायका जाळ्यावर जात नाहीत, म्हणून बायकांना वाटा नाही. बाबा होते तोवर त्यांच्या नावाचा माशांचा ढीग घरी यायचा. ते गेले आणि ढीग बंद झाला. आई मात्र तलावावर जायची थांबली नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पहाटे त्यातली हवा कमी होते आणि मासे गुदमरतात, वर येऊन तोंडं वासतात. अशा वेळी कुणीतरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरून लक्ष ठेवायचं आणि मोटार लावून पाणी उडवायचं, नाहीतर सकाळपर्यंत सगळे उताणे. हे फिरणं आई आणि तिच्या तीन-चार सोबतिणींच्या गळ्यात होतं. बदल्यात काय? तेच मासे सोसायटीकडून विकत घेऊन चामोर्शीच्या बाजारात विकायची मुभा. आणि ही मेहेरबानी समजायची!

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे माझे मोठे बाबा, बाबांचे थोरले भाऊ. एका उन्हाळ्यात आभाळ भरून आलं, वारा पडला, आणि बायकांच्या लक्षात येईपर्यंत अर्धे मासे मेले. बैठकीत सगळ्यांनी बायकांना धारेवर धरलं. मला राग आवरत नाही, तेव्हाही आवरला नाही.

"आमी पाण्यातली हवा मोजाची मशीन आनतो," मी म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यात मासे वाचले तं बायाइले वाटा द्याचा. बोला, कबूल?"

मोठे बाबा हसले. "आन पोरी. मशीन आन अन् वाटा घे."

चारचौघांत बोलले होते. मला तेवढं पुरे होतं.

मी चामोर्शीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात बसते, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. आपल्याकडे ते यंत्र भलतंच महाग. परदेशातल्या एका साइटवर मात्र पुष्कळ स्वस्त दिसलं. बचत गटातून पैसे उचलले आणि मागवलं. पण आम्ही पडलो मासे विकणाऱ्या घरातले. वजन झालं की गिऱ्हाईक 'वरतून' मागणार आणि आपण मूठभर झिंगे वर टाकणार, हे ठरलेलंच. वरतून न घेता केलेला सौदा आईच्या लेखी सौदाच नाही. तिनं मागेच लागून मला त्या विक्रेत्याला लिहायला लावलं की बाबा रे, आम्ही गरीब बाया आहोत, वरतून काहीतरी टाक. आणि त्या भल्या माणसानं खरंच टाकलं! पाण्यात बुडवायची जी कांडी असते, तशी एक जास्तीची, फुकट. आईला कोण आनंद. "पाह्य, तिकडंही मानसंच राह्यतेत," म्हणाली.

मग मोबाइलवर मेसेज आला: पार्सल अडकलं आहे, कस्टमचा कर भरा. मी दिवसभर दुकानात लोकांना सांगत असते की असल्या लिंकवर बोट ठेवू नका, लुबाडतील. मी तो मेसेज खोडून टाकला. पुन्हा आला, पुन्हा खोडला. शेवटी कुरिअरच्या ऑफिसमधून फोन आला तेव्हा कळलं की हे खरंच आहे. कर यंत्राच्या किमतीच्या जवळपास निम्मा. त्यावर कुरिअरवाल्यांची स्वतःची फी वेगळी. आणि त्या प्रामाणिक विक्रेत्यानं डब्यावर फुकटच्या कांडीचीही किंमत लिहिली होती, म्हणून तिच्यावरही कर.

"मी ते विकत घेतलंच नाई," मी फोनवर ओरडले. "वरतून भेटलं मले. त्याचे पैसे काऊन भरू?"

पलीकडचा माणूस शांत होता. "मॅडम, फुकट आलं असलं तरी वस्तूची किंमत धरावीच लागते. नियम आहे."

"कोनाचा नियम?"

"सरकारचा, मॅडम. भरणार नसाल तर पार्सल परत जाईल."

मी भांडले. मेल पाठवले, विक्रेत्याशी झालेलं बोलणं पाठवलं. खरेदी करताना साइटनं या कराबद्दल एका ओळीनंही का सांगितलं नाही, हे विचारलं. उत्तर दर वेळी तेच, फुकटाचीही किंमत धरावी लागते. गावात बातमी पसरली तेव्हा मोठे बाबा मुद्दाम आमच्या दारात आले. "जाऊ दे वापस," म्हणाले. "बायाइच्या डोक्यानं चाललं की असंच होते." त्या एका वाक्यानं माझं ठरलं. पार्सल परत गेलं असतं तर त्याच्यासोबत आईचा वाटाही परत गेला असता. बायकांनी जमेल तेवढे घातले, माझा सगळा पगार गेला. पैसे भरताना माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते संतापाचं होतं. तोंड पाडून नाही भरले मी, शिव्या देत भरले.

यंत्र आलं. उन्हाळाभर आई आणि तिच्या सोबतिणी पहाटे पाळीवर जात, कांडी पाण्यात सोडत, आकडा खाली आला की मोटार लावत. मासे तगले. काढणीच्या दिवशी जाळं ओढताना पुरुषांना दम लागला, एवढे रोहू आणि कतले निघाले.

पाळीवर ताडपत्री टाकून ढीग लावले. जाळ्यावर गेलेल्या प्रत्येकाचा एक. मग मोठ्या बाबांनी कडेला एक लहानसा ढीग लावला. "हा मशीनचा. तुमी बाया वाटून घ्या."

"अन् पहाटे फिरनारीचा?" मी विचारलं.

"ते तं पयलेपासून फुकटच करतेत."

फुकट! मला दुसरं काही ऐकूच येईना. "फुकटाचीही किंमत धरा लागते, मोठे बाबा," मी म्हणाले. "सरकारचा नियम हाये. कस्टमले पैसे भरून शिकली मी."

"सरकार तिकडं. तलाव आमचा हाये."

लोक हसले. मी काही बोलणार, तेवढ्यात आई पुढे आली. सोसायटीच्या माणसांसमोर ती कधी तोंड उघडत नसे. तिनं पिशवीतून यंत्र काढलं आणि त्या लहान ढिगावर नीट ठेवलं.

"हा वाटा याचा हाये न, भाऊजी? मंग येत्या उन्हाळ्यात पाहाटे यालेच उठवा. आमी नाई येत."

तिच्या सोबतिणी तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. मेलेल्या माशांचा तो उन्हाळा सगळ्यांनाच आठवत असणार. मोठे बाबा ढिगापाशी आले. मग खाली बसले, सगळे ढीग मोडले आणि पुन्हा लावायला घेतले. या खेपेला प्रत्येक बाईचा एक ढीग होता, पुरुषांच्या ढिगाएवढाच.

आईनं त्या दिवशी मासे बाजारात नेले नाहीत. मोठा रोहू निवडून घरी शिजवला. रोहूचं डोकं आमच्याकडे जाळं ओढणाऱ्याच्या ताटात जातं. मी पाणी घेऊन आले तोवर आईनं ते स्वतःला वाढून घेतलं होतं, आणि मला विचारलंसुद्धा नाही.