बाळंतिणीचा पाला

तुमसरच्या बसस्टँडवर मी आमच्या बायकांच्या चळवळीची पत्रकं वाटत होते. करडीचा एक ओळखीचा माणूस बसमधून उतरला, माझ्या हातातलं पत्रक घेतलं, न वाचताच त्याची घडी घातली आणि म्हणाला, "कुसुमबाई गेली ना पोरी... तुमाले निरोप नाही भेटला काय?" नव्हता मिळाला. कुसुमताई माझी मावसबहीण. तिसऱ्या बाळंतपणात, सासरच्या बाळंतखोलीत, रक्त जाऊन जाऊन गेली. बंडी जुंपेपर्यंत अंग गार पडलं होतं. मूल जगलं. कागदावर 'अतिरक्तस्राव' असं लिहिलंय. डॉक्टर तोंडी म्हणाला ते निराळं : बाईच्या अंगात जायला रक्त होतंच कुठे? त्याचं ते तोंडी बोलणं मी इथे छापायला देते आहे. ज्याला राग यायचा त्याला येवो.

ताईचे वडील नाकाडोंगरीला मास्तर होते. आई लवकर वारलेली. भंडाऱ्याच्या कॉलेजात ताईनं प्राणिशास्त्र घेतलं आणि सुट्टीत घरी आली की ती जंगलाच्या कडेला काळतोंड्या वानरांकडे बघत बसायची. मी तेव्हा शाळकरी, शेपटासारखी तिच्या मागे. गावातले म्हणायचे, "मास्तरची पोरगी माकडायची मास्तरीण झाली." ताई हसायची. वानर फळांवर जगतात हा आपला गैरसमज, असं ती सांगायची. पळसाची फुलं, मोहाची फुलं, तेंदूची टेंभरं हे त्यांचं सणाचं जेवण. रोजची भाकरी म्हणजे पाला. पोटही गाईसारखं, पाला आंबवून पचवणारं. एकदा सकाळी एका वानरीच्या पोटाशी नुकतं जन्मलेलं पिल्लू दिसलं. अंगावर काळसर लव, तोंड फिकट गुलाबी, कान केवढाले! दुसरीनं ते ओढून घेतलं, तिच्याकडून तिसरीनं. एका अडाणी तरणीनं तर उलटंच धरलं, पिल्लू किंचाळायला लागलं, आणि आई? आई वरच्या फांदीवर कोवळा पाला ओरबाडून खात होती. मला संताप आला. "ही कसली आई!" मी म्हणाले. ताई म्हणाली, "अवं, जेवून राहिली ते! बाकीच्या पोर धरतात म्हणून तिले खायले भेटते. नाही खाल्लं तं दूध कोठून येईन?" भूक लागली की पिल्लू पुन्हा आईकडेच जायचं. धरायला सगळ्या, पाजायला मात्र एकटी आईच.

मग ताईचं लग्न करडीला झालं. घर धानाचं, खाऊनपिऊन सुखी. सासू दुष्ट नव्हती, हे मुद्दाम लिहिते, कारण दुष्ट सासू सापडली की बाकी सगळ्यांना मोकळं सुटता येतं. तिनं स्वतःची सगळी बाळंतपणं याच खोलीत, नुसत्या सुक्या भातावर काढलेली. ताईला आई नाही, तेव्हा बाळंतपणं सासरीच. पहिला मुलगा झाला. ताईचं पहिलं दूध पिळून मोरीत टाकलं, पोराला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी चोखवलं. हगवण लागून पोर थोड्याच दिवसांत गेलं. दोष ताईच्या नशिबाला दिला गेला.

दुसऱ्या वेळी मी हट्टानं जाऊन राहिले. खिडकीत पोत्याचे बोळे, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर, दार कायम लोटलेलं. विटाळ म्हणून कुणी शिवायचं नाही. पोत्यात ताईनं बोटानं भोक पाडलं होतं. त्यातून परसातल्या चिंचेवरची वानरं दिसत. सासू वाटी घेऊन आली.

"पहिलं दूध पिळून टाक यात. चीक हाये तो, पोरीले पचत नाही."

"आत्याबाई, गाय व्याली तं चिकाचा खरवस गल्लीभर वाटला ना तुमी? गाईचा चीक वाटीत, न् बाईचा काहून मोरीत?"

"शिकेल बाईचं तोंड बाळंतपणातही बंद नाही राहात," सासू म्हणाली. ताईनं भिंतीकडे तोंड केलं आणि पोरीला छातीशी लावलं ते सोडलंच नाही. ती पोर जगली. आज करडीच्या गल्लीत सगळ्यांना दगड मारत फिरते.

चीक ताईनं जिंकला. जेवण नाही जिंकता आलं. सुका भात, लसणाची चटणी, पाणीसुद्धा बेतानं. ताईनं लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी मागितली.

"हिरवं खाल्लं का पोराले हिरवी हगवण लागते," सासू म्हणाली.

"माकडीन तं पाल्यावरच दूध करते."

"मंग तू का माकडीन हायेस?"

"असती तं झाडावर राहिली असती. या खोलीत नसती."

सासूही हसली. हसत हसत तिनं तोच भात वाढला. मी ताईला म्हटलं, चल, निघ इथून. ती म्हणाली, "कोठं निघू? नाकाडोंगरीले बाबा एकटे. तुह्या खोलीत पोरी पत्रकं चिकटवून राहिल्या. बाळंतीण कोठं ठेवशीन, खळीच्या डब्यावर?" चळवळीकडे तिच्यासाठी घोषणा होती, बाज नव्हती... आजही नाही. ताई हळूहळू पांढरी पडत गेली, नखं, ओठ, डोळ्यांच्या कडा. त्याच अंगावर तिसरं बाळंतपण आलं.

ताई गेल्यावर तिचं पोर कुणी पाजायचं हा प्रश्न तासाभरातच उभा राहिला. तिची धाकटी जाऊ रुखमा त्याच आठवड्यात बाळंत झालेली. रुखमानं कुणाला विचारलं नाही. आपलं पोर एकीकडे, ताईचं दुसरीकडे घेतलं. वानरींना जे जमत नाही ते या बाईनं केलं. वर सासूला म्हणाली, "दोघींचे पोरं पाजतो, मले दोघींचं जेवण पाहिजे." सासूनं ऐकलं. ताटात दुप्पट भात आला. भाजी नाहीच.

मागच्या आठवड्यात करडीला गेले तेव्हा पिशवीत वर पत्रकं होती आणि खाली डब्यात घोटलेली लाखोरीची भाजी. चोरासारखी त्या बाळंतखोलीत शिरले. दोन्ही पोरं अंगाशी, रुखमानं भिंतीकडे वळून भाजी खाल्ली, डबा बोटानं पुसून घेतला. एवढ्यात अंगणात सासूची पावलं वाजली. रुखमानं डबा माझ्या पिशवीत कोंबला, पदरानं तोंड पुसलं आणि दात विचकून मला म्हणाली,

"पाह्य बरं बाई लवकर, दातात हिरवं रायलं काय?"