न प्यायलेली दारू

दादाला क्षय झाला तेव्हा स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. आमचं गाव तिरोड्याजवळ, धानाचं. दादाची खाट गोठ्याशेजारच्या पडवीत टाकलेली, ताट-तांब्या वेगळा. त्याच्याशी बोलायचं ते चार हात लांबून. आईसुद्धा भात वाढून चटकन मागे सरायची. मी बाळाला कडेवर घेऊन अंगणातूनच त्याला चिडवायचे, "नवरदेवासारखा बसून खातोस!" तो खोकत खोकत हसायचा.

मग गोंदियाच्या डॉक्टरांनी ती नवी सुई लिहून दिली. रोज तिरोड्याला जाऊन टोचून घ्यायची. काय सांगू, बघता बघता माणूस पालटला. खोकला गेला, रक्त थांबलं, गालावर मांस चढलं. बाबांनी त्या सुईला देवच मानलं. गोंदियाला दाखवायला नेलं की डॉक्टर दर खेपेला एकच विचारत, "खांसी कैसी है?" खांसी नव्हती. "बढ़िया. सुई चालू रखो." सुईने आणखी काही होऊ शकतं, कानांकडे लक्ष ठेवा, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यासाठी मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

रोवणीच्या दिवसांत दादा पुन्हा बांधीत, धानाच्या खाचरात, उतरला. कडेच्या अरुंद धुऱ्यावरून चालताना चिखलात पडला. आम्ही हसलो. मग रोजच पडू लागला. हात पसरून, पाय फाकवून चालायचा. पाठीमागून हाक मारली तर वळून बघायचा नाही. माझं बाळ अंगणात टाहो फोडायचं आणि हा आपला ढिम्म. मला भारी राग यायचा.

गावात मोहाची दारू घरोघरी निघायची, पण आमच्याकडे तिचं नाव काढायची सोय नव्हती. बाबांचा सख्खा भाऊ तिच्यापायी गेला होता. आणि एका दुपारी दादा भेलकांडत आला तो थेट तुळशीच्या ओट्यावर आदळला.

"कोनाच्या घरी पेलास रे?" बाबा गरजले.

दादा नुसता बघत राहिला. बाबांनी आणखी मोठ्याने विचारलं.

"नाही पेलो, बाबा," तो म्हणाला. "जमीन हालून राहिली."

"पेलेल्याले अशीच हालते!"

त्या दिवसापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. गावानेही मग काय बोलायचं ते बोलून घेतलं. दादा सुई मात्र चुकवत नव्हता. रोज अडखळत तिरोड्याला जायचा आणि आणखी थोडा बहिरा होऊन यायचा. हे आता कळतं. तेव्हा आम्हाला वाटायचं, सुईच्या नावाखाली पिऊन येतो.

शेवटी बाबाच त्याला घेऊन गोंदियाला गेले, तक्रार करायला. नेहमीचे डॉक्टर नव्हते, त्यांच्या जागी दुसरे बसले होते. हा दारू पितो, याला दम द्या, असं बाबांनी सांगितलं. त्या डॉक्टरांनी दादाच्या पाठीमागे उभं राहून जोरात टाळी वाजवली. दादा हललासुद्धा नाही. "शराब नहीं है, बाबा. सुई का असर है," डॉक्टर म्हणाले आणि सुई बंद केली. तोल थोडाफार सावरेल, गेलेले कान येणार नाहीत. घरी येऊन बाबांनी हे आईला सांगितलं. दादाला मात्र कुणी काही समजावलं नव्हतं. ऐकू येत नव्हतं, अक्षरओळख नव्हती; समजावणार कसं?

तो पडवीत खाटेवर बसला होता. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"चुकलो रे पोरा," ते हळूच म्हणाले.

दादाने वर पाहिलं. त्याच्या कानावर काही पडलं नाही हे बाबांच्या लक्षात आलं, तसे ते ओरडले, "चुकलो! तू नव्हता पेला!" आवाज फाटला, गळ्याच्या शिरा फुगल्या, चेहरा वेडावाकडा झाला. शेजारी दाराशी येऊन उभे राहिले. बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, आणि आता सगळ्या गल्लीला ती ऐकू जात होती.

दादाला दिसत होता तो फक्त ओरडणारा बाप. तो घाबरून उठला. खांब धरत, तोल सावरत बाबांच्या अगदी जवळ गेला.

"नाही पेलो, बाबा," तो म्हणाला, आणि वास घेऊन बघा म्हणून त्याने तोंड उघडून त्यांच्यापुढे धरलं.