सरांची पावडर

बाळांनो, आमच्या शेजारच्या सरांबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत, म्हणून सर त्यांना फोनवर व्हिडिओ लावून शिकवतात. नेटवर्क आमच्या अंगणातच नीट मिळतं. लिंबाच्या सावलीत बसून आधी ते आपल्या काळ्यासावळ्या तोंडाला पांढरीफेक पावडर फासतात. मग फोनचा आधार न घेताही कारखान्यापर्यंत पोचेल अशा आवाजात सुरू होतात. दर वाक्याला "हाय का न्हाई?" ठरलेलं.

परवा त्यांनी तुमच्या तिकडची, परदेशातली एक बातमी शिकवायला घेतली. एका काळ्या मुलाला केवळ रंगावरून दुकानात अडवलं होतं. सर तापले. "कातडी बघून माणूस जोखायचा न्हाई! हाय का न्हाई?"

तिकडे उसाच्या फडातून एका मुलीने विचारलं, "सर, मग तुमी पावडर कावून लावता?"

फोनमध्ये खिदळणं उसळलं. मी ज्वारी निवडायची थांबले. सर आता खेकसले, तर ही पोर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, अशी मला धास्ती वाटली. सर मात्र उठले, रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं आणि फोनसमोरच खसाखसा तोंड धुतलं.

"हं, बोल आता."

"सर, आता तर तुमी दिसंनातच!"

सगळ्यांत मोठ्याने सरच हसले. फोन घेऊन ते भर उन्हात जाऊन बसले.

"आता?"

"आता लई झ्याक दिसता, सर."

"मग इचार की पुढचं!"