लॉरीचं वळण

हुमनाबादच्या स्टँडासमोर एका तरुणाचं झेरॉक्सचं दुकान आहे. माझ्या सभांची पत्रकं तिथंच निघतात. स्पष्टच लिहितो, मला त्याचा हेवा वाटतो. रस्त्याच्या प्रश्नावरच्या माझ्या सभेला चार माणसं येतात. हा फावल्या वेळात कॉम्प्युटरवर लॉरीचा गेम बनवतो, तर कॉलेजची पोरं दुकानात मावत नाहीत.

तो कधी घाई करत नाही. त्याची लॉरीही तशीच. दिशा बदलली तरी ती झटक्यात वळत नाही. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तसं, ती उरलेल्या कोनाचा फक्त दहावा भाग वळते, म्हणून वळण लोण्यासारखं वाटतं.

परवा मात्र लॉरीचं तोंड उत्तरेपाशी, म्हणजे शून्य अंशापाशी आलं आणि ती जागच्या जागी उलटी गरगर फिरली. मी सगळ्यांसमोर हसलो. "इंजिनियरसाहेब, ड्रायव्हर पिऊन बसलाय काय?"

"व्हय की अण्णा!" तो स्क्रीनकडं वाकला. "तीनशेपन्नास अंशावरनं दहावर जायचंय. मी सरळ वजाबाकी केली, म्हणून तीनशेचाळीस मागं फिरायलीय. पुढनं गेलं तर वीसच हायत."

फरक अर्ध्या फेरीहून मोठा निघाला तर दुसऱ्या बाजूनं मोजायचा, अशी एक ओळ त्यानं घातली. लॉरी अलगद वळली.

मग तो पोरांना म्हणाला, "चूक अण्णांनी धरली बघा. आठवडाभर मला दिसली न्हाई."

पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. इतक्या टाळ्या माझ्या एकाही भाषणाला पडलेल्या नाहीत. मी त्याला हसलो, आणि त्यानं मला त्या मिळवून दिल्या. अजून त्याला धन्यवाद म्हणवत नाही.