पिसलेली चित्रं

चंदीगडला बदली होऊन दुसरा हिवाळा लागला आणि यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, पण शब्द रुसून बसले. मुलगी सासरी नागपूरला. शेजारणी गरम फुलके घेऊन येत आणि "सब ठीक हो जाएगा जी" म्हणून जात. माणसं लाख चांगली, पण मराठीत भांडायला घरात कुणी उरलं नव्हतं.

इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रं दाखवून नावं वदवून घ्यायला सांगितलं. मी सेक्टर सतराच्या बाजारातून मुलांचे तक्ते आणले. एकावर फळं, एकावर भांडी, एकावर जनावरं. पहिला आंबा बरोबर आला. मग पेरूलाही आंबा, सीताफळाला पेरू. कढईला तवा, तव्याला झारा. मी वैतागायची. "अहो, जन्मभर माझ्या आमटीला नावं ठेवलीत, आता पळीचं नाव सांगता येईना?" ते ओशाळून खिडकीबाहेर बघत.

बाई म्हणाल्या, "एक बिरादरी को साथ मत बिठाइए, धक्का-मुक्की करते हैं." जवळच्या अर्थाचे शब्द एकमेकांना पुढे येऊ देत नाहीत, असं त्यांनी समजावलं. मग मी तक्ते कापले, पुठ्ठ्यावर चिकटवले आणि पत्त्यांसारखे पिसले. पेरूनंतर छत्री, छत्रीनंतर कढई. नावं येऊ लागली.

मला मात्र वेगळीच धास्ती होती. घरच्यांचे फोटो दाखवले की माझ्या फोटोला ते कधी आई म्हणत, कधी वहिनी. नुसता शब्द चुकतोय की मीच विसरले गेलेय, हे कळत नव्हतं. बाईंना विचारायचा धीर होत नव्हता. इतकं एकटं मला माहेर सोडतानाही वाटलं नव्हतं.

एका दुपारी लग्नानंतर स्टुडिओत काढलेला माझा फोटो मी कुलूप आणि घोड्याच्या मध्ये घातला. कुलूप त्यांनी ओळखलं. पुढचं चित्र बघताच चेहरा उजळला.

"ही माझी बायको," ते म्हणाले. जराही अडखळले नाहीत. मला हुंदकाच फुटला.

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मग संकोचून, पाहुण्यांशी बोलावं तसं विचारलं, "तुम्ही ओळखता हिला?"

"ओळखते," मी म्हटलं आणि घोडा पुढे धरला.